फोरमनच्या शब्दावर घेतलेली डिग्री

माझ्या थोरल्या जाऊबाईंना वर्कशॉपमध्ये सगळे फेरूलबाई म्हणायचे. फेरूल म्हणजे वायरच्या टोकावर चढवायची, नंबर छापलेली बारीक नळी. मोठ्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या कपाटात वायरींचं नुसतं जंगल असतं, आणि कुठली वायर कुठून निघाली नि कुठे गेली हे त्या नळीवरच्या नंबरावरूनच कळतं. कामाची घाई असली की बाकीचे म्हणत, "जाऊ दे, फेरूल नंतर घालू." जाऊबाई 'नंतर'वाल्यांतल्या नव्हत्या. नंबर घातल्याशिवाय त्यांनी एक वायर पुढे जाऊ दिली नाही.

घरातही तोच खाक्या. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर ठळक अक्षरात नाव. सासूबाई म्हणायच्या, "एक दिवस ही माझ्याही कपाळावर पट्टी चिकटवेल."

लग्नाआधी त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता. पुढे शिकायचं होतं, पण लग्न ठरलं आणि ते तिथेच राहिलं. थोरले भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, लांब पल्ल्याची बस चालवतात. घरी कमी, रस्त्यावर जास्त. त्यांची आडकाठी कधीच नव्हती. जाऊबाई वर्कशॉपात लागल्या त्या सासूबाईंनीच रेटा लावला म्हणून, आणि तिथे त्यांना फोरमन भेटला.

फोरमनला नाव असेल, पण ते कुणी घेत नसे. उंच, थोडा पोक आलेला, डाव्या भुवईवर जुनी कापल्याची खूण. सुरुवातीला वर्कशॉपातले पुरुष जाऊबाईंना वायरी सोलण्यापलीकडे काही करू देईनात. फोरमनने त्यांना आपल्या टेबलाशी बसवलं. ड्रॉइंग कसं वाचायचं, मीटर कुठे लावायचा, कुठल्या आवाजाला घाबरायचं आणि कुठल्याला नाही, सगळं शिकवलं. जाऊबाईंना सख्खा भाऊ नाही. त्या त्याला दादा म्हणू लागल्या, आणि नुसत्या तोंडदेखल्या नाही. त्याच्या मुलीसाठी त्यांनी फ्रॉक शिवून घेतले. शिवले मी, पण माप त्यांनी घेतलं, कापड त्यांनी आणलं. ती मुलगी त्यांना आत्या म्हणायची.

जाऊबाईंचं एक स्वप्न होतं. पॅनेल वर्कशॉपात तयार होतं, तपासलं जातं, मग ट्रकवर चढून सबस्टेशनला जातं. तिथे पहिल्यांदा त्यात वीज सोडतात, त्याला चार्ज करणं म्हणतात. ते काम लायसन्स असलेल्या माणसाचं. जाऊबाईंनी जोडलेली, तपासलेली कपाटं निघून जायची आणि त्या फाटकापर्यंत जाऊन परत यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "पोरगी सासरी पाठवायची आणि तिचं घर कधी बघायचंच नाही, असं आहे हे."

लायसन्सच्या परीक्षेला बसायला डिग्री लागायची. डिप्लोमा पुरत नव्हता.

अशात फोरमनने वर्कशॉप सोडलं. शहराच्या टोकाला एक कॉलेज होतं, तिथे संध्याकाळची नवी डिग्री सुरू होत होती, 'इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी'. डिप्लोमावाल्यांसाठी, काम सांभाळून करता येईल अशी. फोरमनला तिथे लॅब शिकवायला घेतलं. महिनाभरात तो आमच्या घरी आला. सासूबाई होत्या, मी होते, आमचे हेही कामावरून नुकतेच आले होते. चहा झाला.

"तू पहिल्या बॅचला यायचं," तो जाऊबाईंना म्हणाला. "हा कोर्स तुझ्यासारख्यांसाठीच काढलाय. नुसतं फळ्यावरचं गणित नाही. हाताने करायचं, मशीनपुढे उभं राहून शिकायचं."

जाऊबाईंनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकलाय. "दादा, या डिग्रीवर लायसन्सच्या परीक्षेला बसता येईल ना?"

"अगं, इंजिनिअरिंगची डिग्री आहे ती," फोरमन हसला. "त्यावर नाही तर कशावर बसणार? मी सांगतोय ना."

झालं. एवढ्यावर आमचं घर फिरलं. जाऊबाई वर्कशॉपमधून परस्पर कॉलेजला जाऊ लागल्या. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला, सासूबाईंचं औषधपाणी माझ्याकडे आलं, आणि शिलाईचं मशीन बाहेरच्या खोलीतून माझ्या पलंगाशी गेलं, कारण बाहेरच्या खोलीत आता त्यांची पुस्तकं होती. मी कुरकुरले नाही असं नाही. पण त्यांच्याकडे बघून कुरकुर गिळावी लागायची. ती बाई कॉलेजातून दमून नाही, फुलून यायची. "आज ट्रान्सफॉर्मर उघडला," जेवता जेवता सांगायच्या. "आत काय असतं बघायला हवं होतंस." भाजी चिरताना मला समजावायच्या, की वीज लाटेसारखी येते, तीन लाटा एकामागोमाग एक, आणि एक जरी मागे पडली तरी मोटर कशी कण्हायला लागते. मला निम्मं कळायचं नाही. पण मोटर कण्हते हे मात्र लक्षात राहिलं.

गणित त्यांना जड गेलं. पहिल्या वर्षी त्या एका विषयात अडकल्या, रडल्या, पुन्हा बसल्या, सुटल्या. मग मात्र मागे वळून बघितलं नाही. शेवटच्या वर्षापर्यंत कॉलेजने त्यांचा फोटो मोठा करून फाटकाबाहेर लावला होता. हातात मीटर, डोक्यावर पिवळं हेल्मेट, चेहऱ्यावर हसू. खाली लिहिलेलं, 'मी करू शकले, तुम्हीही करू शकता.' सासूबाईंना रिक्षाने नेऊन तो फोटो दाखवला. त्या रिक्षातून उतरल्याच नाहीत, बसल्या जागेवरूनच बघत राहिल्या. मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "माझी सून आहे."

फोरमन जाऊबाईंना वेगवेगळ्या वर्कशॉपात घेऊन जाऊ लागला. तिथल्या कामगारांसमोर त्या आपली गोष्ट सांगायच्या आणि लोक नाव नोंदवायचे. कुणीतरी हमखास लायसन्सबद्दल विचारायचं. जाऊबाई फोरमनकडे बघायच्या, तो मान हलवायचा, आणि जाऊबाई म्हणायच्या, "हो, बसता येतं."

त्यांचं ऐकून आमच्या ह्यांनीही नाव घातलं. ह्यांचाही डिप्लोमाच. एका गिरणीत मेंटेनन्सला होते आणि त्यांना शिफ्टचा मुख्य करायचं चाललं होतं. पण त्या जागेला संध्याकाळची पाळी होती, कॉलेज जमलं नसतं. ह्यांनी ती जागा नाकारली. साहेबांनी दुसऱ्याला दिली. "दोन-चार वर्षांत लायसन्स हातात असेल," हे मला म्हणाले, "मग अशा जागा आपल्या मागे लागतील."

जाऊबाईंची डिग्री झाली. थोरले भावजी बस दुसऱ्याच्या हवाली करून समारंभाला आले. फोरमन पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, डोळे पुसत होता. ते रडणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. तिथेच तर सगळा गुंता आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात जाऊबाई लायसन्स ऑफिसला गेल्या. मला बरोबर घेतलं, कारण परत येताना साडी घ्यायची होती. खिडकीपलीकडे एक वयस्क बाई होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी सर्टिफिकेट वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढला.

"ताई, हे चालणार नाही."

"का?"

"आम्हाला इंजिनिअरिंग लागतं. हे इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी आहे. शिक्षण वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या नियमात ते वेगळं आहे, परीक्षेला बसवता येत नाही."

"चूक होतेय तुमची," जाऊबाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "कॉलेजने विचारून सांगितलंय आम्हाला."

त्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "विचारलं होतं, हे खरं आहे. तुमचे एक सर येऊन गेले होते. कोर्स सुरू व्हायच्या आधी आले, मग पहिल्या वर्षी परत आले. इथेच उभे होते. उंच गृहस्थ, भुवईवर खूण आहे बघा. मीच सांगितलं त्यांना, दोन्ही वेळा हेच सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, मुलांना कल्पना देतो."

जाऊबाईंनी सर्टिफिकेट पिशवीत ठेवलं. बाहेर आल्यावर साडीच्या दुकानावरून आम्ही सरळ पुढे गेलो, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. बसस्टॉपवर बसल्यावर म्हणाल्या, "आधी धाकट्या भावजींना सांगायला हवं."

आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आत त्यांनी ह्यांना सांगितलं. हे पाणी पीत होते. भांडं खाली ठेवलं.

"वहिनी, तुम्ही विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं. तुमच्यासमोर."

"त्या एका माणसाला?"

"हो."

"एवढ्या वर्षांत एकदा तिथे जाऊन खिडकीत विचारावंसं वाटलं नाही? मीठ-साखरेच्या डब्यावर चिठ्ठी लावता तुम्ही!"

हे आत निघून गेले. मला म्हणाले, "तिच्या भरवशावर मी जागा सोडली." आमच्या घरात ह्यांनी जाऊबाईंना एकेरीत 'ती' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं आणि जाऊबाईंचंही नव्हतं. दोघांच्या मध्ये अडकलेली मी पलंगाशी मशीन चालवत बसले, आणि चांगल्या कापडावर शिवण वाकडी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी फोरमनकडे गेलो. लॅबमध्ये तो एकटाच होता, वायरी गुंडाळत. जाऊबाईंना बघून खूश झाला.

"आज इकडे कशी?"

"दादा, तुम्हाला माहीत होतं."

त्याने वायरीचं भेंडोळं खाली ठेवलं. नाही म्हणाला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. स्टूल ओढून बसला. म्हणाला, "मला वाटलं होतं, तुमची बॅच बाहेर पडेपर्यंत नियम बदलेल. सगळे तसं म्हणत होते. आणि जागा भरल्या नसत्या तर कोर्स बंद पडला असता. वर्कशॉपची नोकरी मी सोडून बसलो होतो."

"मग मला तेवढंच सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"बघ. मग हे सगळं शिकली असतीस? ट्रान्सफॉर्मर, रिले, ती गणितं? वाया गेलं का ते?"

"वाया गेलं असं मी कुठे म्हटलं? पण यायचं की नाही, ते मी ठरवलं असतं," जाऊबाई म्हणाल्या. "आणि माझं एक सोडा. मी जागोजागी जाऊन लोकांना सांगितलं. तुमच्याकडे बघून सांगितलं. तुम्ही मान हलवत होतात, दादा."

फोरमनने खाली ठेवलेलं भेंडोळं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाला, "माझं चुकलं. मला थोडा वेळ दे. चालू वर्गाला मी स्वतः सांगतो. नवीन मुलांनाही प्रवेशाआधी सांगतो. तू काही बोलू नकोस, प्राचार्य माझं तोंड बघणार नाहीत. माझ्या तोंडून जाऊ दे."

जाऊबाईंनी मान्य केलं. वाटेत मला म्हणाल्या, "माणूस आहे. नोकरीची भीती वाटली. भीतीने माणूस काय काय करतो." ह्यांनी कॉलेज सोडलंच होतं, आणि गिरणीत ज्याला ती जागा मिळाली त्याच्या हाताखाली काम करत होते. जाऊबाई मात्र फोरमनला माफ करण्याच्या बेतात होत्या. माफ करायला काहीतरी कारण शोधत होत्या म्हणा ना. इतक्या वर्षांचं नातं असं एका दिवसात टाकून देता येत नाही.

त्यानंतर फोरमनची मुलगी घरी आली. फ्रॉकची मुलगी आता मोठी झाली होती, दुसऱ्या शहरात होस्टेलला राहून शिकत होती. सुट्टीला आली की आत्याला भेटल्याशिवाय जायची नाही. फोरमनने घरात काही सांगितलेलं नव्हतं हे उघड होतं. ती पलंगावर मांडी घालून गप्पा मारत बसली.

"आत्या, तुझ्या डिग्रीची गंमत सांगू? मलाही इथेच यायचं होतं, बाबांच्या कॉलेजात. दिवसा लॅबमध्ये काम मिळालं असतं, संध्याकाळी शिकले असते. बाबांनी साफ नाही म्हटलं."

"कधी गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"मी डिप्लोमा केला ना, त्या उन्हाळ्यात. तू प्रवेश घेतलास तेव्हाच. म्हणाले, टेक्नॉलॉजीच्या भानगडीत पडू नकोस, नंतर लायसन्सला अडवतील. सरळ इंजिनिअरिंगला जा. होस्टेलवरून किती भांडले मी, त्यात एक वर्ष गेलं!"

ती हसत होती. जाऊबाई उठल्या, खिडकीशी गेल्या, पडदा सारखा केला. तो सारखाच होता. मग म्हणाल्या, "बरं केलंस. ऐकलंस बाबांचं."

ती गेल्यावर त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "म्हणजे नियम बदलेल असं त्यांना वाटतच नव्हतं," म्हणाल्या. "वाटलं असतं तर पोरीला पाठवलं असतं. आमच्याकडे चहा पिऊन गेले आणि घरी जाऊन तिला सांगितलं, तिकडे जाऊ नकोस." मग पुन्हा म्हणाल्या, "मी बहीण होते ना त्यांची?" मला विचारत नव्हत्या.

नव्या बॅचसाठी कॉलेजने सभा ठेवली होती, आणि बोलणाऱ्यांत जाऊबाईंचं नाव आधीपासून होतं. फोरमनने चालू वर्गाला तोवर काही सांगितलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा तो भिंतीशी उभा होता. जाऊबाई त्याच्याजवळ गेल्या. "आज सांगणार आहात?"

"आज नको. प्रवेश होऊन जाऊ देत. तू नेहमीसारखं बोल."

"ठीक आहे, सर," जाऊबाई म्हणाल्या. फोरमनने चमकून वर बघितलं. त्या व्यासपीठाकडे निघाल्या होत्या.

हॉल भरलेला होता. कामावरून थेट आलेली माणसं, काहींच्या अंगावर कंपनीचे शर्ट. जाऊबाई माइकपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी नेहमीची गोष्ट सांगितली नाही. म्हणाल्या, "हा कोर्स काय देतो आणि काय देत नाही, ते दोन्ही सांगते. इथे लॅब चांगली आहे. मशीन हाताळायला मिळतं, टेस्टिंग शिकायला मिळतं. मेंटेनन्सला, टेस्टिंगला, पॅनेलच्या कामाला ही डिग्री उपयोगी आहे. पण सबस्टेशनच्या लायसन्सच्या परीक्षेला या डिग्रीवर बसता येत नाही. मी जाऊन विचारून आले. आधी मी बऱ्याच लोकांना उलट सांगितलं होतं. मला तसं सांगण्यात आलं होतं. त्यातले कुणी इथे असतील तर त्यांनी हे ऐकावं."

प्राचार्य उठून उभे राहिले. "काही तांत्रिक बाबी आहेत, त्या आपण नंतर..."

"नंतर नको," मागून एकजण ओरडला. "आम्ही शेवटच्या वर्षाला आहोत. खरंय का हे? सर, तुम्ही बोला!"

सगळ्या माना फोरमनकडे वळल्या. तो भिंतीपासून हलला नाही. तोंड उघडलं, मिटलं. जाऊबाई वाट बघत राहिल्या. माइक हातात धरून, त्याच्याकडे बघत. मला वाटतं, त्या क्षणीसुद्धा तो 'हो' म्हणाला असता तर त्यांनी त्याला सावरून घेतलं असतं. तो दारातून बाहेर गेला.

मग गलका झाला. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा एका बाईने जाऊबाईंचा दंड धरला. अंगावर वर्कशॉपचा निळा कोट होता. "तुमचं ऐकून आले होते मी," म्हणाली. "दोन वर्षं पोरांना शेजारणीकडे टाकून येतेय. बाहेर फोटो कुणाचा आहे? त्या सरांचा नाही, तुमचा आहे."

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "माझा आहे." ती बाई रडत होती, आणि जाऊबाईंना तिला हातसुद्धा लावता येईना.

फोटो उतरवला गेला. पुढे कॉलेजला प्रवेशाच्या वेळी लायसन्सचं स्पष्ट सांगणं भाग पडलं, कारण शेवटच्या वर्षाची मुलं प्राचार्यांच्या दारात बसून राहिली होती. कोर्स काही बंद पडला नाही. लोक अजूनही येतात, माहीत असून येतात. लॅब खरंच चांगली आहे. फोरमन अजून तिथेच शिकवतो. त्याच्याकडून निरोप नाही, फोन नाही. वर्कशॉपातल्या कुणाकडून तरी कळलं, की तो म्हणतो, मी हात धरून शिकवलं तिला आणि तिने मला भर सभेत उघडं पाडलं. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. "शिकवलं हे खरं आहे," एवढंच म्हणाल्या.

त्यांना ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात टेस्टिंगला जागा मिळाली, ती याच डिग्रीवर. स्वतंत्र खोली आहे, हाताखाली माणसं आहेत. काम आवडतं. पण ट्रान्सफॉर्मर ट्रकवर चढला की त्या फाटकापर्यंत जात नाहीत. आतच असतात.

ह्यांचं आणि त्यांचं बोलणं सुरू झालं, ते सासूबाई आजारी पडल्या तेव्हा. डॉक्टर, रिपोर्ट, रिक्षा, असं कामापुरतं. आता बरं आहे. पण पूर्वी हे त्यांना कुठल्याही गोष्टीत विचारायचे, टीव्ही घेऊ का, बँक बदलू का. आता विचारत नाहीत. जाऊबाईंना ते कळतं.

गेल्या महिन्यात फोरमनची मुलगी पुन्हा आली. इंजिनिअर झाली होती, लायसन्सच्या परीक्षेला बसणार होती. या वेळी तिला सगळं ठाऊक होतं. दारातच उभी राहिली.

"आत्या, बाबांनी पाठवलेलं नाही. मीच आले. तू मला प्रॅक्टिकलचं शिकवशील? मला दुसरीकडे जावंसं वाटत नाही."

जाऊबाईंनी तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुझी यात काही चूक नाही. पण मी तुला शिकवणार नाही. तुझ्यासमोर बसले की मला आठवेल, आमच्याकडे चहा पिऊन तुझे बाबा मला ये म्हणाले आणि घरी जाऊन तुला नको म्हणाले. तू आता येत जाऊ नकोस, बाळा."

मुलगी रडत गेली. मला राहवलं नाही. "ताई, पोरीचा काय दोष?"

"काहीच नाही," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणून तर तोंडावर सांगितलं."

आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. कडी नाही लावली, पण मी गेले नाही.